८७ दिवस आणि काही तास

जेम्स फ्राय या अमेरिकन लेखकाचं 'अ मिलियन लिटल पीसेस' हे आत्मकथन २००३ साली आलं. दारू आणि क्रॅकने पोखरलेला तेवीस वर्षांचा तरुण विमानात शुद्धीवर येतो. पुढचे दात गेलेले, नाक मोडलेलं, गालाला भोक पडलेलं. आईवडील त्याला मिनेसोटातल्या एका उपचार केंद्रात नेऊन सोडतात आणि काही आठवड्यांनी तो तिथून व्यसनाशिवाय बाहेर पडतो. एवढीच गोष्ट. सप्टेंबर २००५ मध्ये ऑप्रा विन्फ्रीने आपल्या वाचक मंडळासाठी हे पुस्तक निवडलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. ८ जानेवारी २००६ रोजी 'द स्मोकिंग गन' या संकेतस्थळाने पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या नोंदी समोर ठेवून दाखवून दिलं, की पुस्तकातले बरेच प्रसंग घडलेलेच नाहीत. पुस्तकातला नायक पोलिसांशी मारामारी करतो आणि त्यापायी पुढे ८७ दिवस तुरुंगात काढतो. प्रत्यक्षातला फ्राय ओहायोतल्या एका लहानशा गावच्या पोलीस ठाण्यात काही तास बसला आणि जामिनावर सुटला.

ऑप्राने आधी त्याची पाठराखण केली. लॅरी किंगच्या कार्यक्रमात फोन करून तिने सांगितलं, की तपशील काहीही असोत, पुस्तकाचा मुख्य संदेश लोकांपर्यंत पोहोचला आहे. दोन आठवड्यांनी, २६ जानेवारीला, तिने फ्रायला आपल्या कार्यक्रमात बोलावून सगळ्या देशासमोर झापलं. प्रकाशक नॅन टॅलीझही शेजारी बसल्या होत्या. पुढे प्रकाशन संस्थेने फसवणूक झालेल्या वाचकांना पैसे परत देण्याची तडजोड केली. त्यासाठी पुठ्ठा बांधणीच्या प्रतीतलं १६३ वं पान फाडून पाठवायचं आणि 'ही कहाणी खरी समजून मी पुस्तक घेतलं होतं' असं प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यायचं. लाखो खरेदीदारांपैकी दोन हजार माणसंही पुढे आली नाहीत. मला हा आकडा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. काहींना पान फाडण्याचा कंटाळा आला असेल हे उघड आहे. पण बऱ्याच जणांना आपण फसलो असं वाटलंच नसेल, हीही शक्यता आहे.

या प्रकरणावर त्या काळी पुष्कळ लिहिलं गेलं. आत्मकथनात स्मरणाला किती सूट द्यावी, संवाद शब्दशः कसे आठवतात, कादंबरी म्हणून प्रकाशकांकडे फिरलेलं हस्तलिखित आत्मकथन म्हणून कसं छापलं जातं, वगैरे. हे प्रश्न कोणत्याही आत्मकथनाला विचारता येतात. व्यसनाच्या आत्मकथनाचा खोटेपणा मात्र वेगळ्या जातीचा असतो आणि त्याची चर्चा कमी झाली, असं माझं मत आहे.

माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो ते सहसा आहे त्यापेक्षा बरं दिसण्यासाठी. मराठीतल्या आत्मचरित्रांवरचा जुना आक्षेप आत्मप्रौढीचा आहे. मंत्री, कारखानदार, नट, सगळे आपापल्या चुका गाळतात. फ्रायने उलटं केलं. तो होता त्यापेक्षा वाईट दिसला. बऱ्या घरातला, मद्यपी, अंमली पदार्थ घेणारा, किरकोळ गुन्ह्यात अडकलेला मुलगा त्याने पोलिसांना जुमानणारा नाही असा दांडगा गुन्हेगार करून टाकला. नंतरच्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणात त्याने स्वतःच कबूल केलं, की आपण होतो त्यापेक्षा कणखर आणि आक्रमक माणूस आपण रंगवला. या साहित्यप्रकारात खड्डा जितका खोल तितकी वर येणाऱ्याची उंची जास्त, हा हिशेब त्यामागे आहे. म्हणजे ही आत्मप्रौढीच झाली, फक्त डोक्यावर उभी केलेली. कबुलीजबाबाच्या वेशात आल्यामुळे ती ओळखू येत नाही. जो माणूस आपले इतके दोष सांगतो तो खोटं कशाला बोलेल, असं वाचकाला वाटतं.

तुरुंगाचे ८७ दिवस हा त्यातला निरुपद्रवी भाग. मला खरा राग आला तो दुसऱ्या एका प्रसंगाने. मिशिगनमधल्या त्याच्या गावाजवळ १९८६ मध्ये रेल्वेची गाडीला धडक बसून दोन मुली दगावल्या होत्या. फ्रायच्या पुस्तकात त्यातली एक त्याची जिवलग मैत्रीण होते, ती घरी खोटं सांगून बाहेर पडते त्यात त्याचा हात असतो आणि गाव त्याच्यावर ठपका ठेवतं. प्रत्यक्षात त्या अपघाताशी त्याचा काडीचा संबंध असल्याचं दिसलं नाही. आपल्या दुःखाला वजन यावं म्हणून त्याने दुसऱ्याच्या घरातलं मरण उचलून आणलं. त्या मुलींचे आईवडील अजून हयात असतील, पुस्तक त्यांच्या हातात पडेल, हे लिहिताना त्याच्या मनात आलं नसेल का? व्यसनी माणूस घरातली वस्तू उचलून विकतो, तेव्हा ती कुणाची हे पाहत नाही. इथे केंद्रातून बाहेर आलेला माणूस लिहितानाही तेच करतो आहे.

दुसरी गोष्ट उपचारांची. पुस्तकात भूल न देता रूट कॅनाल केल्याचा लांबलचक प्रसंग आहे. हातात टेनिसचे चेंडू आवळून नायक ती वेदना सोसतो. पुस्तक वाचलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हाच प्रसंग आठवतो आणि त्याच्या खरेपणाविषयी दंतवैद्यांनी तेव्हाच शंका काढल्या होत्या. हा प्रसंग पुस्तकाच्या मध्यवर्ती शिकवणुकीचं चित्र आहे. नायक केंद्रातली बारा पायऱ्यांची पद्धत झुगारतो. सभा नको, वडीलधारा मार्गदर्शक नको, आपल्याहून मोठी शक्ती वगैरे नको. दात-ओठ आवळून धरून राहायचं, बस. बारा पायऱ्या सगळ्यांना मानवतात असं मी म्हणत नाही. देवाचं नाव घेतलं की उठून जाणारे बरेच असतात आणि त्यांचंही चुकत नाही. पण इच्छाशक्तीच्या जोरावर सुटलो असं सांगणाऱ्याची इच्छाशक्ती ज्या प्रसंगांवर तोलायची, तेच प्रसंग रचलेले असतील तर त्या सल्ल्याखाली जमीन राहत नाही. कादंबरीतल्या नायकाने भूल नाकारली तर वाचक फार तर थरारतो. आत्मकथनात तेच वाचून एखादा मुलगा किंवा त्याचा बाप 'केंद्र नको, मनावर घेतलं की झालं' असं ठरवू शकतो. आपल्याकडे तर हा सल्ला द्यायला पुस्तकाचीही गरज नसते, तो प्रत्येक लग्नमांडवात फुकट मिळतो.

खोटेपणाची तिसरी जागा शेवट. ती फ्रायच्या कितीतरी आधीची आहे. थॉमस डी क्विन्सीचं 'कन्फेशन्स ऑफ ॲन इंग्लिश ओपियम-ईटर' १८२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'लंडन मॅगझिन'मध्ये निनावी छापून आलं. इंग्रजीतल्या या साहित्यप्रकाराचा उगम तिथे मानतात. १८०४ मध्ये डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या औषधवाल्याकडून अफूचा अर्क घेतला, तिथून सवय लागली. अफूची सुखं आणि अफूच्या यातना सांगून झाल्यावर शेवटी तो वाचकाला असा भास करून देतो, की लढाई जवळजवळ संपली आहे. पुढच्याच वर्षी त्याला पुरवणी जोडून सांगावं लागलं, की अफू पूर्ण सुटलेली नाही. १८५६ मध्ये त्याने पुस्तक कितीतरी वाढवून पुन्हा लिहिलं आणि १८५९ मध्ये तो वारला, तोवर अफू त्याच्या सोबतीला होतीच. डी क्विन्सीला मी लबाड म्हणणार नाही. ज्या दिवशी त्याने शेवटचं वाक्य लिहिलं त्या दिवशी त्याचा त्याच्यावर विश्वास असेल. अडचण अशी, की पुस्तकाला शेवटचं पान असतं आणि या आजाराला ते नसतं.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेलाही हा अनुभव आला. १९३५ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या चळवळीने १९३९ मध्ये आपलं मुख्य पुस्तक काढलं. त्यात पद्धतीच्या विवेचनामागे सदस्यांच्या निनावी कहाण्या होत्या. लिहिणाऱ्यांपैकी काही जण पुढे पुन्हा पिऊ लागले. १९५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातल्या बऱ्याच कहाण्या काढून नव्या घातल्या गेल्या. कहाणी नाशवंत असते, तिची तारीख बघावी लागते, हे संघटनेला कळलेलं होतं.

चार्ल्स जॅक्सनचं उदाहरण फ्रायच्या अगदी उलट आहे. त्याची 'द लॉस्ट वीकेंड' ही कादंबरी १९४४ ची. बिली वाइल्डरने पुढच्याच वर्षी तिच्यावर सिनेमा काढला, त्याला ऑस्कर मिळालं. पाच दिवस दारूच्या मागे धावणाऱ्या लेखकाची ही गोष्ट आपली स्वतःची आहे हे जॅक्सनने सुरुवातीला फारसं मान्य केलं नाही. पुढे मात्र केलं. तेव्हा तो काही वर्षं दारूपासून दूर होता. कादंबरीच्या यशानंतर काही वर्षांतच तो पुन्हा प्यायला लागला. कादंबरी संपते तेव्हा नायक मुक्त झालेला नाही. आता एकदा निभावलं, पुढच्या वेळचं पुढे, अशा बेतात तो आहे. म्हणजे ज्या पुस्तकावर कादंबरीचा शिक्का होता त्याचा शेवट खरा निघाला.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो ऑप्राच्या पहिल्या फोनमध्येही होता आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. कहाणीने एखादा माणूस सावरत असेल तर तिच्यातले चार तपशील खोटे असले म्हणून काय बिघडलं? माझे एक काका बरीच वर्षं सभांना जात. बोलायची पाळी आली की सांगत, मुलीचा दहावीचा निकाल लागला, ती नापास झालेली, त्या रात्री बाटली मोरीत ओतली ती शेवटची. मी हे दोन-तीनदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी खोलीत शांतता पसरायची. काकूच्या वाणसामानाच्या वह्या पुढे माझ्याकडे आल्या. त्या जूननंतरही चौदा महिने 'दूधवाला बाकी', 'पाटल्या सोडवायच्या', 'फी दुसऱ्या हप्त्यात' चालूच आहे. मग हळूहळू बाकी फिटत जाते. काकूला सगळं ठाऊक होतं. ती सभेतही यायची आणि कधी बोलली नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे रे, तेवढं लागतं त्यांना."

काकूचं म्हणणं मला पटतं, त्या खोलीपुरतं. सभेतली कहाणी खोलीच्या बाहेर जात नाही. ऐकणारे तिथे दर आठवड्याला असतात. सांगणारा घसरला तर त्याची खुर्ची रिकामी दिसते. त्याच्या तोंडाचा वास येतो. कहाणी खोटी असली तरी माणूस तपासला जात असतो. शिवाय बायको मागच्या रांगेत बसलेली असते आणि तिचं गप्प राहणं ही तिची मर्जी असते. छापील पुस्तकाला यातलं काहीच नसतं. तिथे सांगणारा एकटाच बोलतो, मागची रांग नाही, वह्या नाहीत. बारा पायऱ्यांमध्ये आठवी पायरी ज्यांना आपण दुखावलं त्यांची यादी करण्याची आहे आणि नववी त्यांची भरपाई करण्याची. पण भरपाई केल्याने त्यांनाच पुन्हा इजा होणार असेल तर करू नये, अशी त्या नवव्या पायरीतच पुस्ती आहे. आत्मकथनं लिहिणाऱ्यांनी पायरी नेहमी वाचलेली असते, पुस्ती क्वचित.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. व्यसनाची जी गोष्ट आपल्याकडे गेली शंभर वर्षं सांगितली जाते, त्या 'एकच प्याला'मध्ये सुधाकराइतकीच सिंधू डोळ्यांसमोर असते. जात्यावर दळण दळणारी सिंधू दिसते म्हणून प्याल्याचा भाव कळतो. आणि मरताना तीच नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते, हेही गडकऱ्यांनी पाहिलेलं आहे: व्यसनाच्या घरात खोटं बोलणारा एकटा व्यसनीच नसतो. अनिल अवचटांच्या 'गर्द'मध्ये बोलणारी मुलं व्यसनी आहेत, पण लिहिणारा हात दुसऱ्याचा आहे, तो त्यांच्या आयांशीही बोलून आलेला आहे. अवचटांचं ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. ज्या लेखनातून केंद्र उभं राहिलं, त्या लेखनात लिहिणाऱ्याला स्वतःची उंची दाखवायची नव्हती.

व्यसनी माणसाने स्वतःच लिहिताना हे कसं साधावं, याचं उत्तर मला डेव्हिड कारच्या 'द नाइट ऑफ द गन' या २००८ च्या पुस्तकात मिळालं. कार 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये माध्यमांवर लिहिणारा नावाजलेला पत्रकार. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, तो मिनियापोलिसमध्ये कोकेन आणि क्रॅकच्या विळख्यात होता. फ्राय प्रकरणानंतर दोनच वर्षांनी हे पुस्तक आलं. त्यासाठी कारने एखाद्या बातमीसारखी स्वतःची चौकशी केली. कॅमेरा घेऊन तो जुन्या मित्रांकडे, मालकांकडे, प्रेयसींकडे, वकिलांकडे गेला, सुमारे साठ मुलाखती घेतल्या, अटकेच्या आणि रुग्णालयाच्या नोंदी काढल्या.

शीर्षकातली रात्र १९८७ ची. नोकरी गेली त्या दिवशी तो प्रचंड नशेत एका मित्राच्या घरी गेला. मित्राने पिस्तूल दाखवून त्याला हाकललं, असं कारला वीस वर्षं स्वच्छ आठवत होतं. मित्र म्हणाला, पिस्तूल माझ्याकडे नव्हतंच, तुझ्याकडे होतं. कारला हे पटेना. आपण पिस्तूल बाळगणारा माणूस नव्हतो, अशी त्याची स्वतःबद्दलची समजूत. चौकशी करता करता ते त्याच्याकडेच असल्याचं त्याला मान्य करावं लागलं. फ्रायने न घडलेला दांडगेपणा स्वतःला चिकटवला, तर कारची स्मृती घडलेला दांडगेपणा गुपचूप दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळी झाली होती. कार लबाडी करत नव्हता, त्याला खरंच तसं आठवत होतं. व्यसनी माणसाच्या प्रामाणिकपणावर पुस्तक उभं राहू शकत नाही ते यामुळे. प्रामाणिक असूनही तो साक्षीदार म्हणून कच्चा असतो.

मुलींची गोष्ट तर याहून कठीण. एप्रिल १९८८ मध्ये त्याला जुळ्या मुली झाल्या, दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी. आई आणि बाप दोघंही क्रॅक ओढत होते. मुली जन्मल्या आणि लवकरच मी उपचारांना गेलो, असा कारच्या मनातला क्रम होता. बापपणाने माणूस जागा झाला, ही गोष्ट कुणालाही आवडेल. कागदांवरून निघालं, की मध्ये कित्येक महिने गेले होते. एका रात्री तो मुलींना गाडीत ठेवून माल घ्यायला एका घरात शिरला आणि बराच वेळ आत राहिला, हा पुस्तकातला सर्वांत जड प्रसंग. मुलींच्या अंगात बर्फातले जाड कपडे होते. एप्रिलमध्ये जन्मलेल्या मुलींना ते कपडे लागतात ते हिवाळा आल्यावर. एवढ्या एका तपशिलानेही आवडती गोष्ट कोसळते. माझ्या काकांचा जून आणि कारचा एप्रिल मला एकाच जातीचे वाटतात. फरक इतकाच, की कारने वह्या मागवून घेतल्या.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. चौकशीचा डामडौल कधीकधी अंगावर येतो. 'बघा मी किती निर्दयपणे स्वतःला तपासतो आहे' हीदेखील एक पोझ होऊ शकते आणि मध्यावर ती होते. ज्या स्त्रियांवर त्याने हात उचलला त्यांच्या मुलाखती तो देतो, पण त्या लवकर आटोपतात. तरीही चौदाएक वर्षं कोरडा राहिल्यावर आपण पुन्हा दारूकडे वळलो, तेही नोकरी, घर, मुली सगळं सुरळीत असताना, हे तो लपवत नाही. खड्डा नव्हता, कारण नव्हतं, नाट्य नव्हतं. फ्रायच्या पुस्तकात या प्रसंगाला जागाच मिळाली नसती.

फ्राय खोटं का बोलला याचा सर्वांत समजूतदार खुलासा मला लेस्ली जेमिसनच्या 'द रिकव्हरिंग' या २०१८ च्या पुस्तकात सापडला, जरी ते पुस्तक त्याच्याबद्दल नाही. तिच्या मते सावरणाऱ्याची कहाणी दुसऱ्यांच्या कहाण्यांसारखीच असते, तिच्यात नवं काही नसतं, आणि तेच तिचं बळ आहे. साहित्यिकाला मात्र हे सोसत नाही, त्याला वेगळं असायचं असतं. जेमिसन आपल्या कहाणीशेजारी मेरीलँडमधल्या एका केंद्रात राहून गेलेल्या सामान्य माणसांच्या कहाण्या मांडते आणि स्वतःला त्यांच्या रांगेत बसवते. पुस्तक पसरट आहे, शंभर पानं कमी चालली असती. पण काही तास पोलीस ठाण्यात बसलेला मुलगा त्या रांगेत सुखाने बसू शकला असता.

कार २०१५ मध्ये गेला. त्या रात्री गाडीत असलेल्या दोघींपैकी एक, एरिन ली कार, माहितीपट करते. २०१९ मध्ये तिचं 'ऑल दॅट यू लीव्ह बिहाइंड' आलं. वडिलांनी तिला पाठवलेले ईमेल आणि निरोप तिने शोधून काढले, वाचले आणि त्यांच्या आधारे लिहिलं: वडिलांबद्दल, आणि स्वतःच्या दारूबद्दलही. वडिलांच्या पुस्तकात मुली बऱ्याचशा वडिलांच्या सुटकेचं कारण म्हणून येतात. तिच्या पुस्तकात वडील प्रेमळ आहेत, मागे लागणारे आहेत, पुष्कळदा कठोर आहेत आणि तिच्या पिण्याबद्दल काळजीत आहेत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. काही ठिकाणी ती एकमेकांशी जुळत नाहीत.